बसताना काय होतंय?

माझ्या अंगावरचा एक चट्टा मी तीसेक वर्षं फक्त बोटांनी ओळखत होते. कमरेखाली उजव्या बाजूला, बसायच्या जागी, जिथे आपली नजर पोहोचत नाही आणि दुसऱ्याची पोहोचू द्यायची नसते, तिथे तो होता. आंघोळीच्या वेळी हात गेला की कड लागायची, जराशी उंच, खरबरीत. कडेच्या आतली कातडी मात्र पातळ, गुळगुळीत आणि ताणलेली. लहानपणी तो रुपयाएवढा होता असं आई सांगायची. माझं लग्न झालं तेव्हा चार बोटं त्यावर मावत. दोन बाळंतपणं झाली, मुलं शाळेत जायला लागली, तोवर त्यानं तळहाताएवढी जागा घेतली होती. दुखणं नाही, खाज नाही, ताप नाही, वजनही उतरलं नाही. जे दुखत नाही आणि दिसत नाही, त्याच्यासाठी द्राक्षाच्या बागेतली कामं टाकून दवाखाना कोण गाठतं?

त्या चट्ट्याचं नाव मला 2012 साली मिरजेत कळलं. ल्युपस व्हल्गॅरिस, म्हणजे कातडीचा क्षय. क्षय म्हणजे खोकला, बेडका आणि छातीचा फोटो एवढंच जाणणाऱ्या माणसांपैकी मी. तासगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. पाचवीच्या मुलांना रोग आणि जंतू शिकवणारी. हा आजार कातडीलाही होतो, हाडांनाही होतो, डोळ्यांनाही होतो, हे आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हतं. आज ते मला माहीत आहे ते काही माणसांमुळे. त्यांचं ऋण लिहून ठेवावं असं फार दिवसांपासून मनात होतं. त्यांची नावं मला तोंडपाठ आहेत, पण न विचारता ती छापणं बरं नव्हे, म्हणून इथे त्या सगळ्या डॉक्टरीणबाई, मॅडम, सिस्टर आणि ताईच राहतील.

आधी काय काय झालं ते थोडक्यात सांगते. सासूबाईंना लग्नानंतर दोन वर्षांनी चट्टा कळला. त्यांनी मायेनं बिब्बा लावला. बिब्बा उतला, भोवतीची कातडी भाजली, आणि महिनाभरानं चट्टा होता तिथेच, होता तेवढाच. मग गजकर्ण समजून मेडिकलमधून मलम आलं. त्यानं लाली थोडी कमी व्हायची, मलम थांबलं की परत यायची. अशा कितीतरी ट्यूब संपल्या. एका डॉक्टरांनी न बघताच नायट्याच्या गोळ्या लिहून दिल्या. दुसऱ्या एकांनी दारातूनच जरा पाहिलं आणि यांना बाजूला घेऊन विचारलं, "घरात कुणाला महारोग होता का?" त्या संध्याकाळी आमच्या घरात कुणी फारसं बोललं नाही. माझं ताट, तांब्या कुणी वेगळा काढला नाही, पण मीच मुलांना जवळ घेताना जरा थबकायला लागले. त्यानंतर मी कुणाला काही दाखवलं नाही.

मिरजेला मी गेले ती सासूबाईंना घेऊन. त्यांच्या टाचा भेगाळून रक्त यायचं. आमच्या भागात दुखणं हटेना की माणूस मिरजेची गाडी धरतो. हे शतकभराहून जुनं वळण आहे. सरकारी दवाखान्यात केसपेपर काढला, त्वचारोगाच्या ओपीडीपुढच्या लाकडी बाकावर बसलो. त्या दिवसांत माझ्या चट्ट्याच्या खालच्या कडेला भेग पडली होती, तिथून पाणी यायचं, त्याची खपली साडीला चिकटायची. नंबर आला. आत एक निवासी डॉक्टर होत्या, पंचविशीच्या असतील, रात्रपाळी करून आल्याचं चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी सासूबाईंच्या टाचा मांडीवर घेऊन पाहिल्या, औषध लिहिलं, कोमट पाण्यात पाय कसे ठेवायचे ते दोनदा सांगितलं. मग पेन बाजूला ठेवलं.

"आजींचं झालं. आता ताई, तुम्ही सांगा. बसताना काय होतंय?"

मी म्हटलं, मला काही नाही, मी सोबत आलेय.

"मघाशी मी दोनदा बाहेर येऊन गेले. दोन्ही वेळा तुम्ही एका बाजूवर भार देऊन बसला होतात. आत्ताही तशाच बसलाय."

बाहेर त्या वेळी दीडशे तरी माणसं असतील. माझा केसपेपर नव्हता, तक्रार नव्हती. त्या बाईंनी मला जाऊ दिलं असतं तरी कुणी त्यांना बोल लावला नसता. पण त्यांनी शिपायाला माझा केसपेपर काढून आणायला पाठवलं आणि मला आतल्या खोलीत नेलं. त्या खोलीच्या खिडकीला पडदा नव्हता. सिस्टरनी हिरवी चादर घेतली, दोन्ही हात डोक्याच्या वर करून खिडकीसमोर धरली आणि तपासणी संपेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. माझं ठाम मत झालंय की आपल्याकडे बाईमाणसाचा कातडीचा आजार वेळेवर सापडायचा असेल, तर यंत्राआधी पडदा लागतो. त्या दिवशी तो पडदा एका सिस्टरच्या दुखऱ्या खांद्यांवर होता, आणि खांदे दुखत होते हे मला नंतर कळलं.

डॉक्टरीणबाईंनी आधी कापसाची वात केली. म्हणाल्या, "डोळे मिटा. कापूस लागला की बोट उचला." चट्ट्याच्या कडेवर, मधोमध, बाहेर, सगळीकडे मला कापूस लागत होता. मग त्यांनी माझं कोपर वाकवून आतल्या बाजूची शीर बोटांखाली घरंगळवून पाहिली, मानेच्या बाजूची पाहिली, कानाच्या पाळ्या चाचपल्या. "हा कुष्ठरोग नाही," त्या म्हणाल्या. "कुष्ठरोगाच्या अशा चट्ट्यात संवेदना कमी होते, शिरा जाड होतात. तुमच्याकडे तसं काही नाही." एवढी वर्षं उराशी धरलेलं भय एका कापसाच्या वातीनं गेलं. कुणीही, कुठल्याही दवाखान्यात, दोन मिनिटांत करू शकेल अशी ती तपासणी आहे.

मग त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात तसली काचपट्टी घेतली आणि चट्ट्याच्या कडेवर दाबली. काही वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत. काच उचलली, थोडं सरकवून पुन्हा दाबली. "मी मॅडमना बोलावते," म्हणाल्या. त्यांच्या आवाजात घाई होती, काळजी नव्हती.

मॅडम आल्या त्या पाच-सहा विद्यार्थ्यांसह. पालथी पडलेली मी अंग चोरायला लागले. मॅडम खाली वाकून माझ्या चेहऱ्याशी येऊन म्हणाल्या, "ही मुलं शिकतायत. हा आजार त्यांना रोज बघायला मिळत नाही. पण तुमची हरकत असेल तर सगळ्यांना बाहेर पाठवते." मी म्हटलं, मुलींना राहू द्या. मुलगे निमूटपणे बाहेर गेले. मीही शिकवणारी आहे; शिकणाऱ्यांना दारातून परत पाठवणं मला जड गेलं असतं. पण विचारलं गेलं, यानं माझा मान राखला गेला.

मॅडम मुलींना सांगत होत्या आणि मी कान देऊन ऐकत होते. चट्टा एका कडेनं पसरतोय आणि मागे वण ठेवत बरा होतोय, ही याची चाल. वर्षानुवर्षं सावकाश वाढणार, कधी कुठे थोडा भरून येणार, भरलेल्या वणातच पुन्हा नवे दाणे उठणार. काच दाबली की लाली जाते, कारण रक्त बाजूला होतं. मग पिवळट-तपकिरी ठिपके उरतात. पुस्तकात त्यांना ॲपल जेली नोड्यूल म्हटलंय. "कुणी खाल्लीय का ॲपल जेली?" मॅडमनी विचारलं. कुणीच खाल्ली नव्हती. "मग काकवी आठवा. काचेखाली काकवीचे थेंब."

मला ते बघायचं होतं. तसं मी बोलून दाखवलं आणि खोलीत क्षणभर शांतता झाली. डॉक्टरीणबाईंनी विभागाचा कॅमेरा आणला, माझी सही घेतली, फोटो काढले आणि मागच्या छोट्या पडद्यावर मला दाखवले. तीसेक वर्षं बोटांनी वाचलेली जागा मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली. मला वाटलं होतं काहीतरी घाणेरडं, सडलेलं दिसेल. होतं ते तांबूस-तपकिरी, वाकड्यातिकड्या कडेचं, मधे फिकट. एखाद्या बेटाचा नकाशाच. पुढच्या फोटोत काचेखाली ते थेंब होते, अगदी मॅडम म्हणाल्या तसे. मी बराच वेळ पाहत राहिले. कुणी घाई केली नाही.

नंतरच्या तपासण्या भराभर झाल्या. हातावर मांटूची सुई; ती जागा तिसऱ्या दिवशी फुगून वर फोड आला. छातीचा फोटो, तो स्वच्छ. चट्ट्याच्या कडेचा भुलीच्या सुईखाली काढलेला डाळीएवढा तुकडा, त्यावर एक टाका. तुकड्याचा अहवाल आला त्यात लिहिलं होतं की क्षयात दिसतात तशा पेशींच्या गाठी आहेत, पण जंतू दिसले नाहीत. मी घाबरून विचारलं, जंतूच नाहीत तर क्षय कसा?

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "ताई, या प्रकारच्या क्षयात जंतू फार थोडे असतात. का, तर तुमच्या शरीराची प्रतिकारशक्ती दांडगी आहे. जंतू आला, शरीरानं त्याला गाठलं, भोवती पेशींचा वेढा घातला. वेढा फुटला नाही, पण जंतूही सगळे मेले नाहीत. तुम्हाला जो चट्टा वाटतो तो खरं तर तो वेढा आहे. एवढी वर्षं तुमचं अंग लढतंय, आता आपण त्याला कुमक देऊ." मी वर्गात जे शिकवते ते कुणीतरी मला माझ्याच कातडीवर शिकवत होतं. हे वाक्य मी घरी येऊन यांना सांगितलं, सासूबाईंना सांगितलं, पुढे कितीजणांना सांगितलं. अंगावरच्या ज्या गोष्टीची आयुष्यभर लाज वाटली, तिच्याबद्दल कुणी असं बोलेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

मॅडमनी एकदा विचारलं, घरात कुणाला टीबी होता का. होता. माझ्या आबांना, वडिलांच्या वडिलांना. मी त्यांच्याच अंथरुणात झोपायची. उशाशी राखेचं डबडं असायचं, त्यात ते थुंकायचे. कधी उठवलं नाही तर भिंतीकडेला. मी त्याच शेणानं सारवलेल्या जमिनीवर उघडी रांगले, बसले, खेळले. आबांना स्ट्रेप्टोमायसिनच्या सुया चालू होत्या. खोकला उतरला, अंगात बळ आलं, सुगी तोंडावर आली, तशा त्यांनी सुया सोडल्या. दोन वर्षांत ते गेले. मी दुसरीत होते. हे सगळं मी सांगितलं आणि पुढचा प्रश्न तोंडातून निघेना. मॅडमनी तो ओळखला. म्हणाल्या, जंतू खरचटलेल्या कातडीतून बाहेरून जाऊ शकतो, तसाच श्वासातून आत जाऊन रक्तावाटे, लसिकावाटे कातडीपर्यंत येऊ शकतो. युरोपात हा चट्टा चेहऱ्यावर जास्त, आपल्याकडे बसायच्या जागी, मांडीवर, पायावरही पुष्कळ. "तुमच्या बाबतीत कुठून आला हे आता सांगता यायचं नाही, आणि सांगून करायचंय काय? आबांनी तुम्हाला गोष्टी सांगितल्या असतील ना, त्या आठवा." आबांना त्यांनी माझ्या मनात आरोपी होऊ दिलं नाही. गोळ्यांइतकंच ते मोलाचं होतं असं मी मानते.

टाका काढायला गेले तेव्हा बाकावर एक वयस्क शेतकरी शेजारी बसले होते. घोट्याजवळ चामखिळीसारखा जाड, भेगाळलेला चट्टा, कित्येक वर्षं जुना. चामखीळ म्हणून दोनदा जाळून घेतलेला. तोही क्षयच निघाला, अनवाणी पायाला कुठेतरी जखम होऊन शिरलेला. मॅडम त्यांच्या पायाशी बसून मुलांना सांगत होत्या की स्टेथोस्कोप शोधणाऱ्या लेनेकनाही शवविच्छेदन करताना बोटाला असाच प्रकार झाला होता, आणि त्यांनी तो स्वतः लिहून ठेवला. पुढे 1826 मध्ये ते क्षयानंच गेले. शेतकरीबाबा मन लावून ऐकत होते. "मग ह्ये मोठ्या लोकास्नी पन व्हतंय म्हणा की," ते म्हणाले, आणि पाय जरा पुढे केला, मुलांना नीट दिसावा म्हणून.

घरी आल्यावर मी या आजाराबद्दल मिळेल ते वाचलं. त्यातून आणखी एक ऋण जडलं, ज्यांना मी कधी भेटणं शक्यच नव्हतं अशा माणसांचं. डेन्मार्कचे नील्स फिन्सन. 1860 साली फेरो बेटांवर जन्म. तरुणपणापासून स्वतः दुर्धर आजारी. कॉख यांनी क्षयाचा जंतू 1882 मध्ये दाखवला होता, पण औषध नव्हतं. ज्यांच्या नाकावर, गालावर हा चट्टा होता त्यांची नाकं झडत, ओठ आक्रसत; माणसं तोंड झाकून जगत. फिन्सननी 1895 मध्ये कोपनहेगनच्या वीज केंद्रातल्या एका अभियंत्याच्या चेहऱ्यावर कार्बनच्या दिव्याचा प्रखर प्रकाश भिंगांतून एकवटून सोडायला सुरुवात केली, आणि वर्षानुवर्षं न हटलेला चट्टा बरा व्हायला लागला. पुढच्याच वर्षी त्यांची संस्था उभी राहिली. 1903 चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. आजारपणामुळे ते घ्यायला जाता आलं नाही, आणि पुढच्या वर्षी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी ते गेले.

या हकिकतीत मला सगळ्यात जवळच्या वाटतात त्या त्यांच्या नर्सेस. रक्त प्रकाश शोषून घेतं, तो खोल जाऊ देत नाही. म्हणून प्रकाश पडायच्या जागी स्फटिकाचं, पाण्यानं थंड ठेवलेलं भिंग दाबून धरून तिथलं रक्त बाजूला सारावं लागे. एकेका रुग्णाजवळ एकेक नर्स ते भिंग हातानं दाबून तासाहून जास्त वेळ बसायची, रोज, महिनोन्‌महिने. एवढ्याशा जागेचं झालं की दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारची जागा. माझ्या चट्ट्यावर काच दाबून रक्त बाजूला केलं आणि आजार ओळखला. त्यांच्या चट्ट्यावर भिंग दाबून रक्त बाजूला केलं आणि आजार बरा केला. हात कोपनहेगनचे असोत की मिरजेचे, दुसऱ्याच्या बिघडलेल्या कातडीवर ते न बिचकता टेकले, हे मला थोर वाटतं. त्या दिव्याचं काम पुढे 1940 च्या दशकात ‘ड’ जीवनसत्त्वानं, मग स्ट्रेप्टोमायसिननं आणि 1952 पासून आयसोनियाझिडनं हाती घेतलं. मला ज्या गोळ्या मिळाल्या त्यांत आयसोनियाझिड होतंच.

गोळ्यांचा डबा आला तो अंगणवाडीत. तेव्हाच्या सरकारी कार्यक्रमात गोळ्या रुग्णाच्या हाती सोपवत नसत. कुणाच्यातरी डोळ्यांदेखत गिळायच्या. आरोग्यसेवकानं विचारलं, कुणासमोर घ्याल? मी अंगणवाडीच्या ताईंचं नाव सांगितलं, कारण अंगणवाडी शाळेच्या आवारातच होती. लाल रंगाचा पुठ्ठ्याचा डबा, त्यावर माझं नाव, आत पूर्ण उपचाराच्या गोळ्या. माझ्या नावाचा डबा दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही, हा नियम ताईंनी मला मोठ्या अभिमानानं सांगितला. "बाई, ह्यो तुमचा डबा हितनं हलत न्हाई."

सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी मुलांची प्रार्थना व्हायच्या आधी मी अंगणवाडीत जायची. ताई चुलीवर मुलांच्या खिचडीचं आधण ठेवत. पत्र्याच्या कपाटातून डबा काढायचा, पट्टी फोडायची, सात गोळ्या एकदम तळहातावर. त्या सात बघूनच पोटात ढवळायचं. ताई समोर पाटावर बसत, माझ्या हातात तांब्या देत आणि शेवटची गोळी उतरेपर्यंत नजर हलवत नसत. मग कार्डावर खूण. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून ठेवलं होतं, "लघवी लाल-केशरी होईल, भिऊ नका, ती गोळीच तशी हाय." झालीच. ती रिफॅम्पिसिनची खूण. सांगितलं नसतं तर मी त्या दिवशी औषध सोडलं असतं. दुसऱ्या महिन्यात सांधे ठणकायला लागले, खडू धरवेना. ताईंनी आरोग्य केंद्रात जाऊन विचारून आणलं. एथँब्युटॉलनं कधी कधी नजरेवर परिणाम होतो, लाल-हिरवा ओळखायला त्रास होतो, हे त्यांना प्रशिक्षणात सांगितलं होतं. त्यांनी त्यावर आपली रीत काढली. गोळ्या झाल्या की पदर पुढे धरून विचारत, "सांगा, काठ कंचा?" हिरवा. "आन्‌ फुलं?" लाल. "जावा आता वर्गावर."

माझी चिडचिड व्हायची. तोंडाला चव नसायची. एकदा यात्रेच्या गडबडीत मी गेले नाही, तर ताई संध्याकाळी पट्टी आणि कार्ड पदराखाली घेऊन घरी हजर. पाहुण्यांनी घर भरलेलं. कुणाला कळू नये म्हणून सासूबाईंना हळद-कुंकवाला आल्याचं सांगून त्या थेट माझ्यामागे स्वयंपाकघरात आल्या. आबांच्या उशाशी अशी कुणी बसली असती तर, असा विचार तेव्हा मनात आला आणि मी मुकाट्यानं तांब्या उचलला. रुग्णाचा उपचार पुरा झाला की अशा कार्यकर्त्याला सरकार तेव्हा 250 रुपये देत असे. सहा महिने, पाऊस असो, उन्हाळ्याची सुट्टी असो, आणि 250 रुपये. ताईंना ते मिळाले तेव्हा त्यांनी त्यातून अंगणवाडीला मोठं पातेलं घेतलं.

दुसरा महिना सरताना कडेचा उंचवटा माझ्या बोटांना कमी लागायला लागला. भेग मिटली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा कॅमेरा आणला. पडद्यावर एक फिकट, पातळ वण होता, काच दाबली तरी थेंब नव्हते. वण जन्मभर राहील, त्यावर लक्ष ठेवा, असा जुना वण फार वर्षांनी क्वचित कर्करोगाकडे वळू शकतो, जखम झाली आणि भरेना तर लगेच या, असं त्यांनी बजावलं. त्यांचं शिक्षण त्याच वर्षी संपत होतं. मी त्यांना आमच्या बागेतली द्राक्षं दिली. त्यांनी सिस्टरना अर्धी काढून दिली आणि तेव्हा मला सांगितलं की त्या दिवशी चादर धरून सिस्टरचा आधीच आखडलेला खांदा आठवडाभर वर जात नव्हता.

त्यानंतर माझी बघण्याची सवय बदलली. तीन-चार वर्षांनी माझ्या वर्गात एक मुलगा आला, जो भर उन्हाळ्यात गळ्याला रुमाल बांधायचा. जबड्याखाली गाठी, त्यातली एक फुटलेली. भोवतीची कातडी जांभळट, कडा आतून पोखरलेल्या, पातळसर पू. आणि विशेष म्हणजे हात लावला तरी त्याला फारसं दुखत नव्हतं, गरम लागत नव्हतं. गंडमाळ म्हणून त्याच्या आईनं पाला बांधला होता. आतल्या गाठीतला क्षय कातडीपर्यंत येऊन फुटतो, आणि मुलांमध्ये कातडीचा क्षय बऱ्याचदा याच रूपात दिसतो, हे मी वाचलं होतं. मी त्याच्या आईला घरी बोलावलं, दार लावलं आणि माझा वण दाखवला. दुसऱ्या कुठल्या रीतीनं तिचा विश्वास बसला असता असं वाटत नाही. मिरजेला आम्ही तिघं मिळून गेलो. त्याच्या गळ्यावर आज चुणीदार वण आहेत, आणि तो कॉलर उघडी टाकून फिरतो.

ताई आता निवृत्त झाल्या. डब्याची आणि दिवसाआडच्या गोळ्यांची पद्धतही गेली. आता वजनाप्रमाणे रोजच्या गोळ्या असतात, आणि पोषण आहारासाठी खात्यावर महिन्याला आधी 500 रुपये यायचे, ते नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. तरी गल्लीतलं कुणी औषध सुरू केलं की ताईंना बोलावणं येतंच. मध्यंतरी त्या माझ्याकडे आल्या. त्यांच्या शेजारच्या बारावीतल्या पोरीला मांडीवर चट्टा निघालाय, तुकडा काढलाय, गोळ्या सुरू झाल्यात. पोरगी कुणाशी बोलत नाही. "माझे गुडघे आता जिना चढू देत न्हाईत, बाई. तुम्ही जाताय काय?"

मी रोज सकाळी जाते. ती मुलगी पहिल्या महिन्यात भिंतीकडे तोंड करून गोळ्या घ्यायची. आता अभ्यासाचं पुस्तक पुढे ठेवून बसते, मला जीवशास्त्रातलं विचारते, कधी मला येतं, कधी दोघी मिळून शोधतो. रिकाम्या पोटी गोळ्या घेतल्या की तिला मळमळतं. तासाभरानं तिला काय खायला द्यावं यावर तिची आई, ताई आणि मी अशी तिघींची चर्चा चालू आहे. सध्या नाचणीच्या आंबिलावर एकमत झालंय.